मोटारीचे दिवे आणि घाटाची वाट

मोटार चालविता येणे ही एक गोष्ट आणि मोटार समजणे ही दुसरी. पहिली पंधरावीस दिवसांच्या सरावाने साधते व तिचा परवानाही मिळतो. दुसरीची परीक्षा कोणतेही कार्यालय घेत नाही. ती वाटेवरच द्यावी लागते. शहरात ही उणीव बहुधा झाकून जाते. गाडी बंद पडली तर हाकेच्या अंतरावर मिस्त्री भेटतो, रस्ता सपाट असतो आणि गाडी ढकलावयास चार माणसेही धावून येतात. परंतु कात्रज ओलांडून खेड शिवापूर मागे टाकले आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळहून भोरकडे वळले, की मामला बदलतो. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. पण बोलण्यात जुने नावच रुळलेले असल्याने आम्हीही येथे तेच योजीत आहोत.

या दोन्ही तालुक्यांत सपाट रस्ता थोडा आणि वळणाचा फार. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट, आंबाड्यावरून मांढरदेवीला चढून वाईकडे उतरणारी वाट, वेल्ह्याहून खडकवासल्याच्या बाजूस नेणारा पाबे घाट हे रस्ते पुणेकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. पावसाळा लागला की राजगड, तोरणा आणि केळदजवळचा मढे घाट पाहण्यासाठी शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. त्यांतील कितीतरी चालक आयुष्यात प्रथमच घाट चढत असतात. जुलै २०२३ मध्ये वरंधा घाटाच्या वाटेवर एक मोटार नीरा-देवघर धरणाच्या पाण्यात कोसळून तिच्यातील तिघांचा अंत झाला. एका बाजूस दरड आणि दुसऱ्या बाजूस खोल पाणी असलेल्या अशा रस्त्यावर चुकीला जागाच उरत नाही. म्हणून घाटात शिरण्यापूर्वी मोटार आपल्याला काय सांगते व काय सांगू शकत नाही, हे समजून घेण्याचा या लेखाचा हेतू आहे.

दिव्यांची भाषा

किल्ली फिरविली अथवा बटण दाबले, की चालकासमोरील तबकडीवर एकदम दहाबारा दिवे उजळतात आणि इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक विझतात. पुष्कळांना ही नुसती शोभा वाटते. वस्तुतः ती हजेरी असते. प्रत्येक दिवा ‘मी शाबूत आहे’ असे सांगून जातो. म्हणून जो दिवा विझावयास हवा तो विझला नाही तर बिघाड समजावा, हे उघड आहे. पण जो दिवा हजेरीच्या वेळी पेटलाच नाही त्याचीही चौकशी करावी. पहारेकरीच झोपला असेल तर चोरीची वार्ता द्यावी कोणी?

दिव्यांवरील चित्रे जगभर जवळजवळ सारखीच असतात आणि त्यांच्या रंगांचा अर्थही ठरलेला आहे. तांबडा म्हणजे धोका. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. पिवळा म्हणजे सावधानता. गाडी चालेल, पण लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे केवळ माहिती. अमुक एक गोष्ट चालू आहे, एवढेच. पन्नास चित्रे पाठ करण्यापेक्षा हे तीन अर्थ पक्के लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

तांबड्या दिव्यांपैकी चार महत्त्वाचे. पहिल्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. इंजिनातील तेलाचा दाब उतरला की तो लागतो. इंजिनाचे फिरते भाग तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. तो थर गेला की धातूवर धातू घासून अल्पावधीतच इंजिन कायमचे जायबंदी होते. म्हणून हा दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. चढावर किंवा वळणावर तो क्षणभर लुकलुकत असेल, तर तेलाची पातळी खाली गेल्याची शक्यता मोठी. सपाट जागी गाडी उभी करून, काही मिनिटे थांबून, तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल तिच्यावरील दोन खुणांच्या मध्ये असावयास हवे.

दुसरा दिवा लाटांत बुडालेल्या तापमापकाचा. इंजिन फाजील तापले असे तो सांगतो. लांब चढणीवर, गाडी माणसांनी भरलेली असताना, खालच्या गियरमध्ये संथपणे चढताना ही वेळ येते. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन निववावे आणि रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, हे तत्त्व स्वयंपाकघरातील कुकरचेच. झाकण सैल होताच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि तोंड-हात भाजतात. काही गाड्यांत हेच चित्र निळ्या रंगात दिसते. त्याचा अर्थ इंजिन अजून थंड आहे इतकाच.

तिसरा दिवा बॅटरीच्या चित्राचा. त्याचा अर्थ बॅटरी खराब झाली असाच पुष्कळ लोक करतात. पण चालत्या गाडीत तो लागला तर बहुधा बॅटरीला वीज पुरविणारे यंत्र थांबलेले असते किंवा त्याचा पट्टा तुटलेला असतो. साठलेल्या विजेवर गाडी काही काळ चालते, मग दिवे मंदावतात. रात्री पाबे घाटात हे होणे म्हणजे काय, ते सांगावयास नको. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. तेव्हा पाठोपाठ तापमानाचा दिवाही लागतो.

चौथा वर्तुळातील उद्गारचिन्हाचा, म्हणजे ब्रेकचा. हातब्रेक पूर्ण उतरविला नसेल तर तो लागतो. हातब्रेक उतरवूनही तो तसाच राहिला, तर ब्रेकचे तेल कमी झालेले असण्याचा संभव आहे. एक तर ब्रेकचे लायनर झिजले असतील, नाही तर तेल कोठेतरी गळत असेल. त्यातून पायाखालचा ब्रेक नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा मऊ लागत असेल, तर भोरमधूनच गाडी परत फिरवावी. त्या दिवशी घाट पाहावयाचा राहिला तरी काही बिघडत नाही.

पिवळ्या दिव्यांत इंजिनाच्या आकृतीचा दिवा सर्वांत गोंधळात टाकणारा. तो स्थिर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. जपून चालवून एकदोन दिवसांत गाडी दाखवावी. तो उघडझाप करीत असेल तर इंजिनाच्या एखाद्या नळकांड्यात इंधन नीट जळत नाही, असे समजून वेग उतरवावा आणि गाडी लवकर थांबवावी. ‘एबीएस’ ही अक्षरे पेटून राहिली तर साधा ब्रेक चालतो, पण जोराने दाबल्यावर चाके अडकू न देणारी योजना त्या वेळी काम करीत नाही. घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह दिसले तर एखाद्या चाकातील हवा कमी झाली आहे.

दिव्यांना न दिसणारे

इतके सारे सांगणारी ही तबकडी एका बाबतीत मात्र आंधळी आहे. तिला यंत्र दिसते, रस्ता दिसत नाही. जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरच्या वर तो अधूनमधून वाजतो आणि १२० च्या वर सतत वाजतो. महामार्गावर त्याचा उपयोग आहे. परंतु वरंध्याच्या एखाद्या वळणावर ताशी ५० हाही वेग जीवघेणा ठरू शकतो, आणि तेथे हा पहारेकरी अवाक्षर काढीत नाही. तेथला पहारा चालकालाच द्यावा लागतो.

त्यासाठी थोडा हिशेब ध्यानात घ्यावा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ६० च्या वेगाने १७ मीटर. त्यानंतर कोरड्या सपाट रस्त्यावर थांबावयास पहिलीला आणखी सुमारे ९ मीटर लागतात, दुसरीला सुमारे २०. म्हणजे वेग दीडपट झाला, पण ब्रेकचे अंतर दुपटीहून अधिक वाढले. ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पटही होऊ शकते आणि उतारावर त्यात आणखी भर पडते. वळणापलीकडचा जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवणे हा घाटाचा पहिला नियम.

उतार आणि न्यूट्रल

आता ज्या एका सवयीबद्दल आम्हांस विशेष लिहावयाचे आहे तिच्याकडे वळू. उतार लागला की गियर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावयाची, कोणी तर इंजिनही बंद करावयाचे, आणि ‘पेट्रोल वाचले’ असे समाधान मानावयाचे, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीस ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पण चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. भोर-वेल्ह्याहून महामार्गाने पुण्यास परतणारी बहुतेक मोटार याच उतारावरून येते.

उतारावर ब्रेकला काय सोसावे लागते ते पाहा. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली, तर तेवढ्या उतरणीची शक्ती कोठेतरी जिरली पाहिजे. ती सगळी ब्रेकमध्ये जिरविली, तर सुमारे ११ लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता त्या चार चाकांत निर्माण होते. तापलेले लायनर पकड सोडू लागतात. ब्रेकचे तेल जुने, पाणी शोषलेले असेल तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. लोक त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात, पण पुष्कळदा ब्रेकला अतिश्रमाने थकविलेले असते.

गाडी गियरमध्ये असली की हे ओझे इंजिन वाटून घेते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवून धरते. गियर जितका खालचा, तितकी अडवणूक अधिक. म्हणून जुने चालक सांगतात तो नियम आजही खरा आहे: ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये तो उतरावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गियर धरून ठेवण्याची सोय असते. दांड्यावर ती ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ अशा खुणेने दाखविलेली असते. आपल्या गाडीत ती कोठे आहे हे घरीच पाहून ठेवावे.

पेट्रोलच्या बचतीची गोष्ट तर उलटीच आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत न्यूट्रलने थोडेबहुत इंधन वाचत असेल. आजच्या गाड्यांत इंधन संगणकाच्या हुकमाने सोडले जाते. गाडी गियरमध्ये उतरत असली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला असला, की संगणक इंधन बंदच करतो. कारण इंजिन फिरते ठेवण्याचे काम चाके करीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रलवाल्याची बचतही होत नाही आणि अर्धा ब्रेकही हातचा जातो.

इंजिन बंद करणे त्याहून वाईट. ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या साहाय्याने. इंजिन बंद झाल्यावर दोनतीन वेळा दाबेपर्यंत ते साहाय्य पुरते, मग ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. स्टिअरिंगही जड होते आणि किल्ली काढून घेतली तर ते एका जागी अडकून बसू शकते.

यदाकदाचित ब्रेक लागेनासाच झाला, तर क्रम असा: पाय भराभर दाबून सोडावा, म्हणजे थोडा दाब परत येण्याचा संभव असतो, त्याच वेळी एकेक गियर खाली आणावा, हातब्रेक एकदम न ओढता बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, हॉर्न व चारही इंडिकेटर चालू करावे, आणि काहीच साधले नाही तर गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूस घासत न्यावी. पत्रा चेपेल, पण माणसे वाचतील.

पट्टा आणि हवेची उशी

मोटारीतील एअरबॅग, म्हणजे हवेची उशी, धडकेनंतर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते. ती पट्ट्याला जोड म्हणून बनविलेली आहे. पट्टा न बांधलेला माणूस पुढे फेकला जाऊन फुगत्या उशीवर आदळला तर तिचाच मार बसतो. म्हणूनच लहान मुलास मांडीवर घेऊन पुढे बसणे हे माया वाटले तरी घातक आहे. चालकानेही छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून अधिक, निदान २५ सेंटिमीटर अंतर राखावे.

मागे बसणाऱ्यांस पट्टा नको, हा समज दृढ आहे. कायद्याने तो मागेही सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना बसले होते. पट्ट्याची टिकटिक बंद करण्यासाठी खाचेत अडकवावयाची खोटी क्लिप बाजारात मिळत असे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना तिची विक्री थांबविण्याचे आदेश दिले. जो दिवा आपल्या जिवासाठी लागतो त्याचेच तोंड पैसे देऊन बंद करावयाचे, हा व्यवहार अजब म्हटला पाहिजे.

पाऊस, धुके आणि चिखल

पावसाळ्यात येथील घाटांवर धुके उतरते. अशा वेळी हेडलाइट वर केला तर प्रकाश धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. म्हणून दिवा खालीच ठेवावा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकण्याची पद्धत चुकीची आहे, कारण मग वळण्याची खूण दुसऱ्यास कळतच नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. आतून काच धुरकटली तर हाताने पुसत न बसता ए.सी. चालू करून हवा काचेवर सोडावी.

आषाढात भाताची लावणी चालू असते. चिखलणी करून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा गारा डांबरावर सांडतो आणि त्यावर गाडी साबणावर घसरावी तशी घसरते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर कायद्याप्रमाणेही तो टायर बाद समजावा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान मोटारीस उचलू शकते. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करू नये, कारण आत शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि इंजिनच मोडते.

घाटातील शिष्टाचारही सुरक्षिततेचाच भाग आहे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, रात्री डिपर द्यावा. उतारावर गाडी उभी करताना हातब्रेक लावून, तोंड चढाकडे असेल तर पहिला गियर आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाकावा. आपण मागे सोडलेला दगड रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराचा काळ ठरतो.

निघण्यापूर्वी

या सर्वांचा सार फार लांब नाही. निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. इंजिन थंड असताना तेल व पाणी पाहावे, चाकांतील हवा दारापाशी लावलेल्या पट्टीवरील आकड्यांशी जुळवावी, दिवे व वायपर चालवून पाहावेत, किल्ली फिरवून दिव्यांची हजेरी घ्यावी. सर्वांनी पट्टे बांधले का, हे विचारण्याचा अधिकार चालकाचा आहे आणि तो त्याने संकोच न धरता बजवावा. ११२ हा मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक गाडीतील प्रत्येकास ठाऊक असावा. आपल्या जाळ्याची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाचे जाळे तेथे असल्यास ११२ लागू शकतो. वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर मदतीस कचरू नये. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात, सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे.

राजगड-तोरण्याच्या मुलखात पूर्वी वाटाड्या घेतल्यावाचून कोणी पाऊल टाकीत नसे. आज वाटाड्याचे काम फोनवरील नकाशा करतो आणि गाडीची नाडी समोरचे दिवे सांगतात. तरीही पुढचे वळण किती अवघड, रस्ता किती ओला आणि आपले ब्रेक किती तापलेले, हे तिघांनाही एकत्र पाहणारा गाडीत एकच असतो. आणि त्याचे हात स्टिअरिंगवर असतात.